तीन डॉक्टर, तीन थैल्या

आई,

तुझा राग आलाय, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो दुसऱ्या कुणावर काढता येत नाही. काल नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईला काही होतं का? मी सांगत गेले. सांधे धरायचे, सकाळी कणीक मळता यायची नाही. थायरॉइडची गोळी होती. वाळू गेल्यासारखे डोळे चोळत बसायची, पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरायचा नाही. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे. शेवटी किडन्या गेल्या. बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "हे सगळं त्यांनी कधी एका डॉक्टरला सांगितलं होतं का?"

तू कसली सांगतेस. सांध्यांचा डॉक्टर वेगळा, थायरॉइडचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. चट्ट्यांना तर डॉक्टरच नाही, आपल्या घाटंजीच्या उन्हाळ्यात कोणाचे गाल लाल होत नाहीत? उष्णता झाली म्हणून सब्जा भिजवून प्यायचीस. प्रत्येक डॉक्टरची वेगळी कापडी थैली, तीत त्याचीच चिठ्ठी आणि त्याच्याच गोळ्या. ज्याच्याकडे जायचं त्याची थैली हातात, बाकीच्या घरी खुंटीला. मी कॉलेजात होते तेव्हा यवतमाळला सांध्यांच्या डॉक्टरसमोर बोलून गेले, की आईच्या डोळ्यांतही थेंब चालू आहेत. तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. बाहेर रसवंतीपाशी उभं करून झापलंस, "तुले काय गरज होती बोलाची? दुसऱ्याकडे गेलतो म्हटल्यावर त्याले राग नाही येणार? मंग तो मले नीट पाहीन का?"

डॉक्टर म्हणजे काय व्याही होते का गं, एकाकडे जेवलो हे दुसऱ्याला कळू नये म्हणून? आणि तू शाळेत विज्ञान शिकवायचीस. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, सगळी एकाच चित्रात काढून घ्यायचीस पोरींकडून. खोटं बोललेली पोरगी तुझ्या वर्गात बाकावर उभी राहायची. स्वतःच्या अंगाचे मात्र तू तीन तुकडे केलेस आणि तीन जणांना वाटून दिलेस, तेही त्यांचा मान राखायला. त्या तिघांचाही राग येतो मला. तुझ्याकडे बघून "आणखी काही होते का, बाई?" एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

मला ल्युपस आहे, सांधे, गालांवरचे चट्टे, किडन्या, सगळ्यांना धरणारा एकच आजार. थायरॉइड आहे. तोंड आणि डोळे कोरडे पडतात तोही एक वेगळा आजार आहे, त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. अंगाची राखण करणारी ताकद अंगावरच उलटते, आणि उलटली की एका जागी थांबेलच असं नाही, म्हणून एकाच माणसात असे दोन-तीन आजार एकत्र नांदतात, असं बाई म्हणाल्या. माझं वेळेत कळलं, किडन्या शाबूत आहेत. तुझंही कळलं असतं तर कदाचित तू नातीच्या बारशाला असतीस. हे कदाचित मला काल सकाळपासून चावून राह्यलं आहे.

ती नात आता बारावीला आहे. सकाळी तिची बोटं आखडतात, पेन धरता येत नाही, हे मला काल घरी आल्यावर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मैत्रिणीकडून. मी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. "मले काहून नाही सांगितलं?" ती खाली बघत म्हणाली, "तू चिडतं म्हणून."

उद्या तिला त्याच बाईंकडे न्यायचं आहे. त्याआधी सगळं विचारून घ्यायचं आहे, कधीपासून, कुठं कुठं दुखते, आणखी काय काय होते. ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मलाही कळतं. खरं सांगू, तुझ्यावर ओरडून घेतलं की तिच्यापाशी आवाज खाली राहील, म्हणून लिहायला बसले. अजून राहील असं वाटत नाही, म्हणून लिहूनच राह्यली आहे.