साहेबांचा डबा

आर्याचे बाबा,

सकाळी तुम्ही साहेबांचा बिस्किटांचा डबा घरीच विसरलात, म्हणून मी तो घेऊन गोखिवऱ्याला कारखान्यात गेले. गेटला कुलूप होतं. समोरचा पानवाला म्हणाला, कारखाना गणपतीतच बंद झालाय.

आणि गेल्या शनिवारीसुद्धा तुम्ही मला सांगितलंत, साहेबांनी माझी चायनीज बदामाची बिस्किटं दोनदा मागून खाल्ली! अख्खा बदाम लावलेली चांगली बिस्किटं मी त्यांच्यासाठी भरत होते आणि आपल्या पोरीला तडकलेली देत होते. नोकरी गेल्याचं सांगितलं असतंत, तर मी रागावले नसते हो.

आमटी गरम करून घ्या. आम्ही फुलपाड्याला आईकडे चाललोय. डबा आर्याला दिला. उघडल्यावर तिने विचारलं, "आई, आज न फुटलेलं मला?"

विनिता