अप्पेपात्रातले बारा स्क्रू

बाबा, तुमचं गॅरेज मी आवरलं. एवढं ऐकूनच तुम्ही हातातला चहा खाली ठेवला असतात, म्हणून आधी चांगलं ते सांगते. भिंतीला आता भोकाभोकांचा पांढरा बोर्ड आहे आणि त्यावर तुमचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेत. छताला दोन लख्ख ट्यूब लावल्यात, त्यामुळे टॉर्च दातांत धरून वाकायला नको. फरशीला तेल न पिणारा राखाडी रंग दिलाय. गुरुग्रामला माझ्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नुसतं बॉनेट उघडलं तरी गार्ड विचारायला येतो, 'मॅडम, सब ठीक है?' म्हणून रविवारी सकाळी मी इथे गाझियाबादला आईकडे येते आणि संध्याकाळी नखांत ग्रीस घेऊन परत जाते. तुमची पांढरी गाडी ताडपत्रीखाली अजून आहे. तिचं वय उलटलंय, इथल्या रस्त्यांवर तिला आता परवानगी नाही. पण आपल्याच अंगणात सुरू करायला कोण अडवतंय?

गाडीचं वेड तुमच्याकडून आलं, आवराआवरीचं माझं स्वतःचं आहे. मी बारा वर्षांची होते. तुम्ही कार्ब्युरेटर उघडून, स्क्रू वर्तमानपत्रावर मांडून फोन घ्यायला गेलात, आणि मदत म्हणून मी ते सगळे गोळा करून, पुसून, एका वाटीत भरून ठेवले. तुम्ही परत येता, वाटीकडे बघता, मग माझ्याकडे. ओरडत नाही. मला स्टुलावर बसवता आणि म्हणता, "आधी बघ, मग हात लाव." ती सगळी दुपार एकेक स्क्रू एकेका भोकाला लावून बघण्यात गेली, आणि खरं सांगते, इतकी छान दुपार मला लहानपणातली दुसरी आठवत नाही. पुढच्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघरातून आईचं बिडाचं अप्पेपात्रच उचलून आणलंत. हँडलापासून सुरुवात, घड्याळाच्या दिशेनं, प्रत्येक खळग्यात एक स्क्रू. लावताना तसंच उलटं यायचं. मी इकडे दिल्लीकडे वाढलेली, त्यांना 'गड्ढे' म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी 'खळगे' म्हणून सुधारायचात. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मग तुम्ही पुण्याहून तिच्यासाठी नवं नॉनस्टिक आणलंत, आणि त्यातले अप्पे जुन्यासारखे खरपूस होत नाहीत हे ती आजही ऐकवते.

तुमचं शेवटचं काम तेच होतं. रविवारी कार्ब्युरेटर उघडलात, बारा स्क्रू बारा खळग्यांत ठेवलेत, त्याच आठवड्यात दवाखान्यात गेलात आणि घरी आला नाहीत. अठरा वर्षं ते पात्र गॅरेजातल्या फळीवर होतं. गेल्या महिन्यात मी फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. तुमचे श्रीखंडाचे डबे एकेक करून ओतले, नट-बोल्ट मापाप्रमाणे पारदर्शक ड्रॉवरमध्ये लावले, प्रत्येकावर छापील लेबल. हाताला लय आली होती. त्याच लयीत मी अप्पेपात्रही वाटीत उपडं केलं. बाकीच्यांत मिसळायच्या आधी भान आलं, एवढंच नशीब. तुमच्या हातानं शेवटचं मांडलेलं काही या घरात उरलं होतं तर ते हेच, आणि ते मी घालवलं होतं. तेवढ्यात जिन्यावर आईची चाहूल लागली. मग मी, बेचाळीस वर्षांची बाई, बाराही स्क्रू अंदाजानं खळग्यांत टाकले, पात्र फळीवर ठेवलं आणि केर काढायला लागले.

आईनं चहाचा कप टेबलावर ठेवला. ट्यूबचं कौतुक केलं, बोर्डाचं केलं. मग फळीपाशी जाऊन डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हा पितळेचा हँडलापाशी होता," ती म्हणाली.

तिनं बाराच्या बारा स्क्रू तळहातावर काढले आणि एकेक परत मांडायला लागली. कुठे अडली नाही. पाना आणि पक्कड यांतला फरक तिला आजही धड सांगता येत नाही, पण दर दिवाळीला तिनं ते स्क्रू काढून, पुसून, ज्याच्या त्याच्या खळग्यात परत ठेवले होते. अठरा वर्षं. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं? पण अठरा वर्षांत त्याच्यावर धूळ नाही, हे पण नाही दिसलं तुला? आधी बघावं गं जरा." तुमचंच वाक्य, यार, आणि तुमच्याच आवाजात. रागावलेली नव्हती. मला मात्र ड्रॉवरांच्या त्या लेबलांची लाज वाटली.

पुढच्या रविवारी आई तुमच्या स्टुलावर बसली, मांडीवर पात्र घेऊन, आणि उलट्या क्रमानं मला एकेक स्क्रू देत गेली. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल. तिसऱ्या किल्लीला गाडी खोकली आणि सुरू झाली. आई शेजारी येऊन बसली, मांडीवरचं रिकामं पात्र तसंच धरून, आणि आम्ही गेटपर्यंत जाऊन मागे आलो. बाबा, तुम्ही मला बघायला शिकवलंत आणि तुमचं मांडलेलं जपणारी आई दिलीत. याहून जास्त मी कुणाकडे काय मागणार होते?

हे पत्र गाडीच्या कप्प्यात तुमच्या जुन्या कागदांबरोबर ठेवणार होते. पण आई तिथेही पुसायला जाईल, म्हणून माझ्याबरोबर गुरुग्रामला नेते. कारण एक गोष्ट तिला कळायला नको. सातवा आणि आठवा उलटे निघाले. लांब स्क्रू आखूड भोकापाशी आला, आणि तिच्याकडे पाठ करून मी ते गुपचूप बदलले. चूक तुमची की तिची, मला ठाऊक नाही. इंजिन चालू असतानाच तिनं विचारलं, सगळे बरोबर बसले ना? मी म्हटलं, बिल्कुल, बाराच्या बारा, तू दिलेस तसेच.