टेनिस एल्बो आणि हिला उचलणे

३ जानेवारी
डॉक्टरांनी शेवटी उजव्या कोपराच्या दुखण्याचं नाव सांगितलं. टेनिस एल्बो. म्हटलं, जन्मात रॅकेट धरलेली नाही. ते म्हणाले, आजोबा, मग उचलता काय? बायकोला, म्हणालो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. हिला अर्धांगाचा झटका आल्यापासून.
लेकीला फोन केला. तिचं तेच पालुपद. बाबा, आईला केअर होममध्ये ठेवू, तिथे उचलायला दोघी-दोघी असतात. मी म्हटलं, इंजेक्शन घेतोय, विषय संपला.

८ जानेवारी
स्टेरॉइडचं इंजेक्शन. सुई जाताना शाळेतली नदीवरची कविता मनातल्या मनात म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला डॉक्टर म्हणाले, झालं हो, ओरडू नका. म्हणजे मनात म्हणत नव्हतो.
बाहेर आलो तर दुखणं गायब! डॉक्टर म्हणत होते, त्यात बधिर करायचं औषधही आहे, आजचा आराम खरा मानू नका, काही दिवस जड उचलू नका. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं. संध्याकाळी हिला फुलासारखी उचलली. हिने डोळे घट्ट मिटले होते. लाजली असावी.

९ जानेवारी
हात खांद्यापासून पेटलाय. हवा बदलली आहे.

२० फेब्रुवारी
मधे थोडे दिवस बरे गेले. आता पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, पुन्हा स्टेरॉइड नको, स्नायूला हाडाशी बांधणारा आतला धागा विरतो. आता माझंच रक्त काढून, मशीनमध्ये गरगर फिरवून, वरचा पिवळा भाग कोपरात टोचायचा. काय कविकल्पना! लगेच ओळ सुचली: ‘माझेच रक्त मजला तारी’. पुढची सुचेना. पूर्वी माझ्या अर्ध्या ओळी ही स्वयंपाकघरातून पुऱ्या करायची. म्हणून विचारलं. झटक्यापासून हिला एखादाच शब्द जमतो. बराच वेळ ओठ हलवून म्हणाली, हात. एवढंच. यमक जुळत नाही, पण प्रयत्न चांगला.

६ मार्च
टोचलं. ब्रह्मांड आठवलं. गुण यायला महिने लागतील म्हणे, तोवर हात झोळीत. लेक रजा काढून आली आहे. चादर सरकवून, कुशीवर वळवून हिला उठवते. व्यवस्थित आहे, पण त्यात भाव नाही.

१४ मार्च
लेकीला सांगितलं, ठणठणीत आहे मी, जा, तुझी नोकरी सांभाळ. ती म्हणाली, मूठ आवळून दाखवा. डावी दाखवली. तीही हट्टी, म्हणाली, दुसरी. म्हटलं, बापाची परीक्षा घेतेस? गेली बिचारी. निघताना आईच्या कानात काहीतरी सांगत होती.

१४ मार्च, दुपार
ही पडली नाही. बसली. पलंग आणि खुर्चीच्या मधे, जमिनीवर. मीही शेजारी बसलो. म्हटलं, आठवतं, शाळेत एकाच वर्गात आपण असेच खाली बसायचो? ही रडत होती. जुन्या आठवणींनी माणूस हळवा होतो. उठवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. शेवटी लेकीलाच फोन लावला. ती अर्ध्या रस्त्यातून परत आली. आधी आईला उठवलं, मग मला. काही विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

२ एप्रिल
ही केअर होममध्ये. तात्पुरती. कोपर बरं झालं की परत.
निश्चय: डॉक्टर म्हणतील ते सगळं. टॉवेल पिळायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ. घर फार मोठं वाटतंय. व्यायामाला जागाच जागा.

१९ जुलै
डॉक्टर खूश. म्हणाले, हा विश्रांतीचा गुण. मी म्हटलं, इच्छाशक्तीचा. भरलेली बादली जिन्याने वर नेऊन पाहिली. कळ नाही. उद्या हिला आणतो. लेक म्हणाली, बाबा, आधी आईला विचारा. विचारायचं काय त्यात?

२० जुलै
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हिच्यासमोर हात वाकवला, सरळ केला. तिथली लाकडी खुर्ची एका हाताने उचलून दाखवली. दोघी मदतनीस हसल्या. ही पण हसली. म्हटलं, चल घरी.
हिला आता तिथल्या व्यायामाने छोटी वाक्यं जमतात. शब्द शोधत म्हणाली, अहो, इथे भीती नाही वाटत.
विचारलं, कसली भीती गं? चांगल्या हाताने माझं कोपर चोळत राहिली, जणू ते अजून दुखतंय.
एकटा परत येताना बसला गर्दी. वरचा दांडा उजव्या हाताने धरून शेवटच्या स्टॉपपर्यंत उभा राहिलो.
अजिबात दुखलं नाही.