माझ्या तोलामोलाचा सीए

२ जुलै, सकाळ
गौरांग सीएला आज काढून टाकलं. इतकी वर्षं आमच्या मसाल्याचा आणि घरचा टॅक्स हाच भरत होता. भांडण ब्रूनोवरून झालं. ब्रूनोचं खाणं मी 'कारखान्याची सुरक्षा' या खर्चात घातलं होतं. गौरांग म्हणाला, तुमचा कुत्रा घरी सोफ्यावर झोपतो, मी स्वतः पाहिलंय. मी म्हणालो, सीएने आकडे बघावेत, लोकांचे सोफे नाही. तो म्हणाला, मग दुसरा बघा. म्हणजे मीच काढला.

संकल्प: नाशिकमधला सगळ्यात हुशार सीए शोधायचा. माझ्या तोलाचा.

दुपार
मालिनीला सांगितलं. खोबरं भाजत होती, मान वर न करता "बरं" म्हणाली. बायकोला धंद्यातलं काही कळत नाही. मिसळ मसाल्याची कृती तिची, भाजणं-दळणं तिचं, मिसळवाले तिच्या ओळखीचे. फर्मही कागदोपत्री तिच्या नावावर, पण ती माझी युक्ती. बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं. बाकी सगळा कारभार मी बघतो. एमडी म्हणून पगार घेतो.

६ जुलै
कॉलेज रोडचा मोठा सीए. केबिनमध्ये फोटो, शिल्डं. मी मुलाखतीचे प्रश्न काढून नेले होते. पहिला प्रश्न: तुम्ही माझ्यासाठी काय करू शकता? त्याने उलट विचारलं, मागच्या वर्षीचं रिटर्न आणलंय का? मी म्हणालो, प्रश्न मी विचारणार. त्याने बेल वाजवली. मला वाटलं, चहा. शिपाई आला आणि दार उघडून उभा राहिला.

गुगलवर एक स्टार दिला. तोही नाइलाजाने. शून्य देता येत नाही.

९ जुलै
गंगापूर रोडचा सीए म्हणाला, जुन्या सीएचं एनओसी आणा. गौरांगपुढे जाऊन हात पसरू? मेलो तरी नाही. हे सगळे एकमेकांना सामील आहेत. यालाही एक स्टार.

११ जुलै
सापडला! जीवन. पंचवटीत झेरॉक्सच्या दुकानात बसतो. सीए नाही, पण स्वतःच म्हणाला की सीए लोक त्याला विचारून काम करतात. पहिलाच प्रश्न, साहेब, रिफंड किती पाहिजे? याला म्हणतात बोलणं. ब्रूनोचं ऐकून म्हणाला, खाणं कशाला, त्याला वॉचमन म्हणून पगारच दाखवू. मला गहिवरून आलं.

१२ जुलै
जीवन घरी आला. टॅक्सच्या साइटवर फर्मचं लॉगिन झालं. ओटीपी मालिनीच्या मोबाइलवर गेला. मी म्हणालो, सांग. मालिनी म्हणाली, नाही सांगणार. मी म्हणालो, अगं, माणूस बसलाय. ती जीवनला म्हणाली, नोटीस आली तर कोणाच्या नावावर येईल हो? जीवन छताकडे बघत म्हणाला, ताई, तशी तुमच्याच. मग मालिनीने त्याची चप्पल दाराकडे वळवून ठेवली. चहाही दिला नाही. ब्रूनो शेपटी हलवत त्याला फाटकापर्यंत सोडून आला.

मी बोलणं टाकलंय. तिला बसू दे एकटीला.

१५ जुलै
तिला अजून कळलेलं दिसत नाही, की मी बोलत नाहीये.

१७ जुलै
शेवटी तिनेच तोंड उघडलं. नाशिक रोडला एक सीए बघितलीय, उद्या जायचंय, गाडी काढाल का? अखेर शरण आली. मी मोठ्या मनाने हो म्हणालो.

१८ जुलै
स्वरदा नाव. मी विचारलं, मोठे साहेब कधी येतील? ती म्हणाली, आलेच नाहीत अजून जन्माला, ऑफिस माझंच आहे. उद्धट. शिवाय मला काका म्हणाली आणि मालिनीला ताई. मी माझ्याच बायकोचा काका!

दोघी तासभर बोलत होत्या. मी मध्ये ब्रूनोचा मुद्दा मांडला. दोघींनी एकदम "नाही" म्हटलं. मग स्वरदाने विचारलं, काका, तुम्ही ताईंच्या फर्ममधून पगार घेता, तर तुमच्याकडे त्या कामाचं काही तांत्रिक, व्यावसायिक ज्ञान आहे का? मी घसा साफ केला. म्हणालो, अनुभव. ती म्हणाली, कसला? मी मालिनीकडे बघितलं. संसारात माणसाने माणसासाठी एवढं तरी करावं. मालिनीने जरा विचार केला, खरंच केला, आणि म्हणाली, "नाही हो, काही नाही."

स्वरदा म्हणाली, मग तो पगार कायद्याने ताईंचंच उत्पन्न धरायचा. टॅक्स त्याच भरणार.

येताना गाडीत कोणी बोललं नाही. या वेळी सुरुवात मी केली नव्हती.

२१ जुलै
मालिनी म्हणाली, टॅक्स मलाच भरायचाय तर पगार देऊन उपयोग काय? या महिन्यापासून बंद. शांतपणे म्हणाली, वेलदोडे निवडता निवडता. मी म्हणालो, आणि एमडी? ती म्हणाली, राहा की. कोण काढतंय?

तर मी आता मानद एमडी. मानदला मान जास्त असतो, हे तिला माहीत नाही. स्वरदाला एक स्टार द्यायला बसलो. नेटपॅक संपलेला.

२२ जुलै, सकाळ
नांदगावला माल पोचवायचा आहे. ड्रायव्हर आला नाही, म्हणून मी निघालो. मालिनीकडे पेट्रोलला पैसे मागितले.

म्हणाली, येताना बिल आणा.