वर ओढलेली शिडी

दहावा महिना, १
आमचं नवं वर्ष दहाव्या महिन्यातच सुरू होतं, त्याच दिवशी नव्या घरी आले. मी विधवा, पदरात सहा वर्षांची लेक. तरी लोंगशाननी माझ्याशी लग्न केलं, शिंग्यूला बोटाला धरून आत नेलं. देवा, तुझीच कृपा. घर चार मजली, दगडी, भिंती दोन हात जाड. तळाशी गुरं; आमचं दार त्यांच्या वरच्या मजल्यावर, तिथं पायऱ्या खोदलेल्या एकाच ओंडक्याची शिडी लावलेली. गच्चीवरच्या पांढऱ्या दगडांच्या देवांना धुरी दिली, चुलीतल्या अग्नीला जवाची दारू. सासूबाई म्हणाल्या, दहावी शिकलेली सून आली, आता आमच्या याकांनाही पाढे शिकव म्हणावं!

दहावा महिना, ३
हे तिरफळांची पोती घेऊन खोऱ्यात गेले, आठ दिवसांनी येतील. बर्फ पडू लागलं. चांगला ओंडका उगाच कुजेल म्हणून संध्याकाळी शिडी वर ओढून घेतली. सासूबाई किंचाळल्याच. सटवे, कुणी सांगितलं तुला? या घरात शिडी ओढत नाहीत! लगेच खाली सोडायला लावली.

दहावा महिना, ४
शेजारणीकडून कळलं. गावागावांत वैर होतं तेव्हा मारेकरी आले आणि सासूबाईंनी शिडी ओढून घेतली. थोरली जाऊ यिन्हुआ खालीच राहिली, कडेवर लेकरू. दोघांना भिंतीशी कापलं. वर बघून यिन्हुआ ओरडत होती म्हणे, शिडी सोड गं, निदान याला तरी घे. शेजारीण म्हणाली, तू पुन्हा शिडी ओढलीस ना, आता यिन्हुआ दोन जीव घेतल्याशिवाय जायची नाही.

दहावा महिना, ६
बाहेरून भिंतीवर नखं ओरबाडल्याचा आवाज. भर दुपारी. शिंग्यूच्या दंडावर पाच बोटांचे वळ. म्हणते, खालची काकू बोलावते.

दहावा महिना, ७
सासूबाईंना म्हटलं, पाप तुमचं, माझ्या लेकीनं का फेडावं? त्या म्हणाल्या, नेऊ दे की. पोरगी कुठं आमच्या रक्ताची आहे?

दहावा महिना, ८. दुपार
सासूबाई सरपणाला उतरल्या. मी शिडी ओढली — शिंग्यूनंही हात लावला. बर्फ दाट. खालून शिव्या, मग विनवण्या, मग — देवा, क्षमा कर. यिन्हुआबाई, तुमची गुन्हेगार तुम्हाला दिली. माझी लेक सोडा.

तिन्हीसांज
खाली आवाज नाही. नखंही नाहीत. शिंग्यू हसत म्हणाली, शिडी केवढी जड गं आई, काकू ओढू लागली म्हणून बरं. काकू आता वरच राहणार. म्हणते, म्हातारी माझ्या बदल्यात गेली, माझ्या लेकराच्या बदल्यात अजून —

शिंग्यूचा डावा हात मी घट्ट धरलाय. उजवा — उजवा हवेत ताठ वर — कुणी ओढतंय — दाराकडे — मी सोडणार नाही, मी सोड