विहिरीवरच्या साडीचा रंग

१२ जाने., सोम.
अंधेरीहून ऋता नावाच्या मुलीचा फोन. त्यांची कंपनी जुने काळेपांढरे सिनेमे रंगीत करते. आता विहिरीचं चित्र घेतलंय. (नाव लांबलचक होतं, आम्ही कपडेपटातले त्याला विहिरीचंच चित्र म्हणायचो.) "आजी, त्या युनिटमधल्या तुम्हीच राहिलात. शेवटच्या सीनमध्ये हिरॉइनची साडी कुठल्या रंगाची होती?"
पटकन म्हटलं, गुलाबी.
ती म्हणाली, "पण ती विधवा आहे ना?"
विधवाच. पण पांढरंशुभ्र कापड दिव्याखाली असं चकाकतं की बाईचं तोंड दिसत नाही. म्हणून आमचे कपडेपटाचे मास्तर ते कधी चहाच्या पाण्यात बुडवायचे, कधी फिकट पिवळं नाहीतर निळं घ्यायचे. पडद्यावर सगळं पांढरंच. लोक रडले ते आमच्या चहाच्या पाण्यावर!
पडद्यावरच्या पाटीवर माझं नाव देणार म्हणे. पुढे तीस वर्षं मी वेशभूषा केली, नाव पुष्कळदा आलं. पण या चित्रात फक्त मास्तरांचं. मी एकोणीस वर्षांची, इस्त्री करणारी पोर.

१३ जाने., मंगळ.
वै.ला (सूनबाई, वैशाली) सांगितलं. "आई, नक्की आठवतंय ना?"
हे 'नक्की' हल्ली माझ्या प्रत्येक वाक्याला चिकटतं. मान्य, गेल्या महिन्यात बीपीची गोळी दोनदा घेतली. दूध ठेवून खाली गप्पा मारत बसले, तेही मान्य. अंबरनाथला विसरण्याचे कुणी डॉक्टर आहेत, तिथे न्यायचं तिच्या मनात आहे. संजय म्हणतो, "बघू." चिरंजीव सगळ्यालाच बघू म्हणतात.
पण कपडे मी विसरत नाही. डोळे मिटले की शूटिंगची ती सोनिवलीची विहीर, दगडी काठ, काठावर पडलेला गुलाबी पदर. अगदी जवळ. विणीतला धागा दिसतो.

१६ जाने., शुक्र.
ऋता म्हणते, टीमचं मत साडी पांढरीच ठेवावी. मी लेखी दिलं तरच बदलतील. फॉर्म पाठवलाय. महिनाअखेरपर्यंत.
एवढंसं काम. पण पेन उचलवेना. समजा चुकले तर? वै. काही बोलणार नाही, तेच तर नको आहे.

१८ जाने., रवि.
संजयला घेऊन उल्हासनगर, कॅम्प ४. गोपीदादा. आमचे सगळे 'पांढरे' कपडे त्यांच्याच भट्टीवर रंगायचे. ऐंशीच्या पुढे गेलेत, भट्टी कधीच बंद. पण मला बघून, "अरे सुमन! आ, बैठ." सुनेला हाक मारून पापड मागवले.
विचारलं. एक क्षण थांबले नाहीत.
"नीला. एकदम हल्का नीला. छह साड़ी मेरे हाथ से गई थी."
"गुलाबी नव्हती?"
"गुलाबी तो तेरी थी, बाबा! मास्टर तेरे को लाइट के लिए खड़ा करता था ना?"
तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की. बाई, म्हणजे हिरॉइन, मेकअपला बसायच्या तोवर दिवे लावायला त्यांच्या जागी मला उभं करायचे. मास्तर बजावायचे, फिकट नेसून ये. माझ्याकडे फिकट एकच होती, धुऊन धुऊन विटलेली गुलाबी.
येताना संजय रिक्षात, "मग काय, निळी लिही." सोपं आहे त्याला.

१९ जाने., सोम.
घाबरले आहे. लिहूनच ठेवते. जो पदर इतकी वर्षं बाईंचा म्हणून आठवत होते तो माझाच होता. मग बाकीचं जे आठवतं ते तरी कुणाचं?
वै.ला सांगितलं नाही.

२१ जाने., बुध.
ऋताने तो सीन मोबाइलवर पाठवला, अजून रंग न दिलेला. सकाळपासून किती वेळा पाहिला, मोजलं नाही.
आधी लांबून. बाई घागर घेऊन विहिरीकडे जाते, पाठमोरी. काठाशी पोचते, वाकते. मग जवळून, चेहरा.
जवळच्यात घागर उजव्या कडेवर. लांबच्यात डाव्या.
मी डावखुरी, घागर नेहमी डाव्याच कडेवर घ्यायची.
त्या दिवशी बाईंना ताप होता, उशिरा आल्या. मास्तर म्हणाले होते, "जरा घागर घेऊन चालून दाखव, सावली बघायचीये." मी चालले, काठावर वाकले. कॅमेरा चालू होता हे कुणी मला सांगितलंच नाही.
माझीच पाठ. माझी चाल. आणि मी थिएटरात बसून 'बाई काय सुंदर चालतात' म्हणून डोळे पुसले होते. मूर्ख!

२२ जाने., गुरु.
वै.ला दाखवलं. भाजी निवडता निवडता तिने नीट पाहिलं, खोटं कशाला बोलू. "आई, नुसती पाठ आहे हो. कुणाचीही असेल."
"आणि घागर?"
"हात बदलला असेल."
चहा करून दिला. जरा जास्तच प्रेमाने.

२४ जाने., शनि.
ऋताचा फोन.
"मग आजी, कुठला रंग?"
"दोन. चालते तेव्हा गुलाबी, वाकून वर बघते तेव्हा निळी."
"म्हणजे... तुम्हाला नक्की आठवत नाहीये का?"
आलं 'नक्की'. सगळं सांगायला लागले, ताप, घागर, सावली, गोपीदादा. बोलताना माझंच मला ऐकू येत होतं. एखादी भ्रमिष्ट म्हातारी बडबडावी तसं. वै.ने हळूच हातातून फोन घेतला. "मॅडम, त्यांना जरा आराम करू दे. मी करते तुम्हाला."
आत जाऊन रडले. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा डोक्यात काडीचाही गोंधळ नव्हता.

२५ जाने., रवि.
डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे. संजय चक्क सुट्टी टाकणार आहे.
सकाळी वै. शेजारी येऊन बसली. "आई, पांढरीच लिहून टाका ना. लोकांनी तशीच पाहिलीये. तुम्हालाही ताप नाही."
पोर वाईट नाही. माझ्या भल्याचंच बोलते. आणि लिहिलं पांढरी, तर सगळे म्हणतील, वा, आजींची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.
फॉर्म समोर आहे. 'साडीचा रंग', आणि पुढे जेमतेम एका शब्दाची जागा.