तुझा खड्डा, तिची ढोली

माय, तालुक्याहून आलेला एक फॉर्म पाच दिवसांपासून माझ्याकडे पडून आहे. त्यावर एका बाईचं नाव लिहायचं, खाली सही करायची, एवढंच काम आहे, आणि ते माझ्याच्यानं होत नाही. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तरी तुलाच लिहायला बसले, कारण हे जित्या माणसाजवळ बोलण्यासारखं नाही. नवरा हसेल, लेक म्हणेल की मम्मी, तुझं मन किती लहान आहे. तुला वाचता येत नव्हतं, ते आज माझ्या पथ्यावर पडलं असं समज.

तर झालं असं. आता सरकारनं नियमच केला आहे की पाय नसलेलं, ऐकू न येणारं, बोलता न येणारं कुठलंही लेकरू आपल्याच गावच्या शाळेत शिकलं पाहिजे. म्हणून आम्हा मास्तरांना आणि अशा लेकरांच्या आईबापांना एकत्र बसवून प्रशिक्षण देतात. मागच्या महिन्यात तालुक्याला तीन दिवसांचं झालं. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-वांग्याची भाजी, भिंतीवर पडदा, आणि नागपूरहून आलेली एक तरुण फिजिओथेरपिस्ट. माझ्या मुलीच्या वयाची असेल. लेकराला भरवताना मान कशी धरायची, आडवं निजवून का भरवायचं नाही, उचलताना आपली कंबर कशी सांभाळायची, सगळं ती करून दाखवायची. कोपऱ्यात बसलेल्या आया मान हलवत होत्या आणि मी पहिल्या रांगेत बसून टिपणं काढत होते. वही भरली माझी. पण खरं सांगू का, पहिल्या दिवसापासून माझ्या पोटात दुखत होतं. या बायांना गाडीभाडं मिळतं, जेवण मिळतं, कुणीतरी खुर्ची देतं आणि विचारतं, ताई, तुमची अडचण काय आहे? तुला असं कुणी एकदा तरी विचारलं होतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नागपूरच्या पोरीनं आम्हाला हॉलच्या मागं नेलं. म्हणाली, ज्या लेकराला स्वतःहून उभं राहता येत नाही त्याला रोज थोडा वेळ आधारानं उभं करायला हवं, त्यासाठी लाकडी स्टँडिंग फ्रेम मिळते, पण ती मिळेपर्यंत थांबू नका. मग तिनं पहारीनं जमिनीत मांडीएवढा खड्डा खोदवून घेतला, एका बाहुलीला त्यात उभं केलं आणि भोवती कापडं दाबून बसवली. सगळे मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तो खड्डा मी चाळीस वर्षांपूर्वी पाहिला होता, आपल्या घरामागच्या सांदवाडीत, बाहेरच्या चुलीपासून चार पावलांवर.

आपली धाकटी तेव्हा पाच वर्षांची. जन्मताना उशिरा रडली, एवढंच तिच्याबद्दल घरात बोललं जायचं. मान धरायची, हसायची, पण अंग ताठ आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. मळणी चाललेली आहे, बाबा जंगलात कूपावर लाकूडतोडीला गेलेले, आणि तू तिला कुठं ठेवावं म्हणून धानाच्या तणसाच्या ढिगात ठेवतेस. ती कमरेपर्यंत आत जाते आणि उभी राहते. तू सूप खाली ठेवून तिच्याकडे नुसती बघत बसतेस. दुसऱ्याच दिवशी तू सांदवाडीत खोदायला घेतलंस. आत तणस, वर जुन्या लुगड्याच्या घड्या, आणि मधोमध धाकटी. हात मोकळे झाल्याबरोबर ती लाखोरीच्या शेंगा सोलायला शिकली. चार शेंगांना अख्खी सकाळ लागायची, पण सोलायची. तुला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या त्या खड्ड्याला आज इंग्रजी नाव आहे आणि त्याचे फोटो निघतात.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला तो खड्डा बघवत नव्हता. का, ते सांगते. तू चुलीपुढं बसायचीस आणि ती खड्ड्यात उभी, म्हणजे तुमची दोघींची तोंडं अगदी समोरासमोर यायची. तू भाकर थापता थापता तिच्याशी बोलायचीस. शेजारणीची शेळी व्याली, आज मोहाच्या झाडाखाली कोण दिसलं, असल्या गोष्टी. ती हूं हूं करायची. मी बोरिंगवरून पाण्याच्या गुंड्या भरून आणायचे, शेण काढायचे, आणि माझ्याशी तुझं बोलणं म्हणजे आण, ठेव, जा. एकदा ताप होता मला, खरंच होता, आणि शाळेतून येताना मी वाटेत बसकण मारून तुला म्हटलं की मलाही उचल. तुझ्या कडेवर ती होती. तू थांबलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तुले पाय हायेत ना? मंग चाल." रागावलीही नव्हतीस. मी चालले. अजून चालते आहे, आणि तुझं ते वाक्य सोबत चालतंय.

म्हणून मी बोरिंगवर बोलले. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सात-आठ बाया पाणी भरत होत्या आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माही माय माह्या बहिणीले रोज खड्ड्यात गाडते." काय बोलतेय ते मला नीट कळत होतं. आपल्याकडे लहान लेकरू गेलं की त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. दहा वर्षांच्या पोरीलाही ते माहीत असतं. दुपारपर्यंत सांदवाडी बायांनी भरली. त्यातली सगळ्यात म्हातारी तुला म्हणाली, "जितं लेकरू गाडतेस, बाई, उद्या खरंच गाडाची पाळी येईन." तू भांडशील असं मला वाटलं होतं. तू समजावून सांगायला लागलीस, हे बघा, तिचे गुडघे बघा, किती सरळ झाले. पण कुणी ऐकून घेतलं नाही. मग तू धाकटीला काढलंस आणि त्यांच्या देखत खड्डा बुजवलास. पायानं माती दाबलीस. त्यानंतर ती पुन्हा उभी राहिली नाही, आणि दोन वर्षांनी पावसाळ्यात तापानं गेली तेव्हा त्या म्हातारीचे शब्द गावानं तुला ऐकवले. कुणी सांगितलं, हे तू मला विचारलं नाहीस. तुला कळलं होतं असं मला वाटतं. कळलं होतं म्हणूनच विचारलं नसशील.

आता त्या बाईकडे येते, जिचं नाव फॉर्मवर लिहायचं आहे. सव्वीस-सत्तावीसची असेल. जिवतीकडची पोर, लग्न होऊन आमच्या शाळेच्या गावात आली. तिची मुलगी आपल्या धाकटीसारखीच, आणि वयही तेच, पाच. प्रशिक्षणात ती मागच्या रांगेत बसायची, वही नाही, पेन नाही, पण प्रश्न विचारून विचारून तिनं त्या नागपूरच्या पोरीला भंडावून सोडलं. किती वेळ उभं करायचं, पाय सुजले तर काय, पाणी साचलं तर काय. घरी येऊन तिनं खड्डा खोदायला घेतला तर सासू आडवी आली. तेच कारण, माय, चाळीस वर्षांनीही तेच. तुझ्यासारखी ती समजावत बसली नाही. घरात धान ठेवायची बांबूची जुनी ढोली पडली होती, बुडाला उंदरांनी कुरतडलेली. ती तिनं पोरीच्या छातीएवढी कापली, एका बाजूनं आत घ्यायला दार केलं, शेणामातीनं लिंपली आणि छपरीच्या खांबाला करकचून बांधली. जमीन उकरलीच नाही, तर गाडली म्हणणार कोण? पोर ढोलीत उभी राहिली आणि सासू समोर बसून तिला मुरमुरे चारू लागली.

त्या ढोलीचा फोटो फिजिओथेरपिस्टकडे गेला आणि मग काय विचारतेस. तिचा मला फोन. एका तालुक्यातून एक आई किंवा बाप पुढच्या प्रशिक्षणाला न्यायचा आहे, पंधरा दिवस, नंतर त्यांनीच बाकीच्या आईबापांना शिकवायचं, आणि तुमच्या गावची ती बाई मला हवी आहे, शाळेची शिफारस तेवढी पाठवा. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की बावीस वर्षं नोकरी करून वही भरणारी मी, आणि निवड तिची. दुसरा विचार तुझा होता. तुझ्या खड्ड्यावर थुंकले लोक, आणि हिच्या ढोलीला टाळ्या. तो दुसरा विचार मला जास्त आवडला. त्यात मी बरी दिसत होते.

फॉर्म आला त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तपासायला जाते असं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते, खोट काढायला गेले होते. आणि खोट निघाली. ढोलीच्या तळाशी तिनं मऊ लागावं म्हणून भरपूर तणस कोंबलं होतं, त्यात पोरीच्या टाचा अधांतरी होत्या आणि ती नुसत्या चवड्यांवर उभी होती. असं रोज उभं केलं तर पोटऱ्या आणखी आखडतात, टाच कायमची वर राहते. तळ टणक हवा, पाऊल पूर्ण टेकायला हवं, हे त्या तीन दिवसांत दोनदा सांगितलं होतं आणि माझ्या वहीत अधोरेखित आहे. ती पोरीची लाळ पुसत होती. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाई, बराबर हाय ना?"

मी बरोबर आहे म्हटलं. चहा घेतला आणि घरी आले. वाटेत मनाशी म्हटलं की जिला टाचेचं कळत नाही ती दुसऱ्यांना काय शिकवणार, असं नाव पाठवणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं. किती छान वाटलं मला. चार दिवस हे कारण मी जपून ठेवलं. रोज वर्गात फळ्याकडे तोंड केलं की त्या पोरीचे चवडे दिसायचे, आणि तरी मी गेले नाही. माय, एका पाच वर्षांच्या पोरीचे पाय वाकडे होत होते आणि ते मला माहीत होतं. दहा वर्षांची असताना मला कळत नव्हतं असं म्हणायला जागा होती. आता पन्नाशी आली.

आज सकाळी तिच्या घरी गेले. शाळेच्या मोडक्या बाकाची एक फळी कापून घेतली होती. तिच्याकडून तणस उपसून घेतलं, फळी तळाशी बसवली आणि पोरीची टाच माझ्या तळहातानं खाली दाबून धरली. आधी ताठ होती, मग हळूहळू सैल झाली आणि टेकली. ती बाई पायाशी वाकून बघत होती. तिच्या एका क्षणात लक्षात आलं. म्हणाली, "बाई, त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?" मी म्हटलं, लक्षात नाही आलं गं. तिनं विश्वास ठेवला. मग ती पोरीपुढं उकिडवी बसली, तोंडासमोर तोंड नेऊन तिच्या कानावरचे केस मागं सारले आणि तिला सांगू लागली की आज आपल्या घरी शाळेच्या बाई आल्या, आता आपल्याले पळाले येईन. मी तिथंच उभी होते. माझ्याकडे दोघींपैकी कुणी बघत नव्हतं.

तेव्हा मला कळलं की टाळ्यांचं, निवडीचं, तुझ्यावर झालेल्या अन्यायाचं मी उगाच पुढं केलं होतं. त्या बाईचा हेवा मला फार नाहीच. मला त्या पोरीचा हेवा वाटतो. धाकटीचा वाटायचा तसाच, तेवढाच, काडीनंही कमी नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही शाबूत आहे. धाकटीच्या वाट्याला काय आलं ते मला ठाऊक आहे. तिचे पाय, तिचा ताप, ती माती. तरी मला कुणी विचारलं की तुला कोण व्हायचं होतं, तर आजही मी खरं उत्तर देईन याची मला भीती वाटते.

फॉर्म मघाशी, हे लिहिता लिहिता मधेच थांबून, भरला. तिचं नाव, तिच्या पोरीचं नाव, गाव, सगळं स्वच्छ अक्षरात. उद्या केंद्रप्रमुख शाळेत येतील, त्यांच्या हाती देईन. तिचं जाणं आता माझ्यामुळं अडणार नाही. हे पत्र मात्र कुठंच जायचं नाही. फॉर्मच्या शेवटी शिफारस करणाऱ्यानं आपलं मत लिहायचं असतं, त्याला चार ओळींची जागा होती. मी दोनच ओळी लिहिल्या, माय. तिच्या कौतुकाच्या आणखी दोन सहज सुचत होत्या.